पगार वेळेवर होतो, मग कामावर जावेसे का वाटत नाही?

सोलापुरातील एका शासकीय कार्यालयात लिपिक असलेले, पंचेचाळिशीतले एक गृहस्थ पत्नीच्या आग्रहाखातर माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) "मॅडम, पगार वेळेवर होतो, आश्वासित प्रगती योजनेचा (बढती नसली तरी ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणाऱ्या योजनेचा) लाभ मिळाला, कुणाचा जाचही नाही, तरी सकाळी निघायचे म्हटले की नको वाटते. मी कामचुकार झालो का?" ही शंका सरकारी नोकरीतील अनेकांना छळते, आणि घरचेच 'मजा आहे तुमची' म्हणत असल्याने ती बोलून दाखवायची सोय नसते.

झोप, भूक, उदासी यांची आधी चौकशी केली. नैराश्याची लक्षणे दिसली नाहीत. मग मी त्यांना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांची १९५९ मधील मांडणी सांगितली. पगार, सुरक्षितता आणि नियम बिघडले तर असमाधान वाढते. मात्र ते सुरळीत असल्याने कामाची ओढ निर्माण होतेच असे नाही, कारण ती प्रत्यक्ष कामातून, जबाबदारीतून आणि केलेल्याचे चीज झाल्याच्या जाणिवेतून येते. लोकप्रशासनाचे अभ्यासक जेम्स पेरी आणि लॉइस वाइज यांनी १९९० मध्ये लोकसेवेच्या प्रेरणेचा विचार मांडला, त्यातही लोकांच्या उपयोगी पडण्याच्या इच्छेला महत्त्वाचे स्थान आहे.

हे ऐकून ते निराधार अनुदानाच्या टेबलाविषयी बोलू लागले. पूर्वी विडी वळणाऱ्या विधवा बायका कागद घेऊन समोर बसत, अनुदान सुरू झाले की सांगायला येत. आता अर्ज संगणकावर येतात, ते त्रुटी काढतात, आणि पुढे त्या बाईचे काय झाले ते त्यांना कळत नाही. माझ्या मते दुखणे इथेच होते. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधील प्रयोगात, विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची अशा देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी थोडा वेळ भेट घडवली, तेव्हा महिन्याभरानंतर त्यांचा फोनवरील वेळ दुपटीहून अधिक झाला होता.

त्रुटीचा शेरा मारून न थांबता अर्जदाराला फोन करून नेमका कोणता कागद हवा ते सांगायचे, आणि मंजूर प्रकरणांची यादी महिनाअखेरीस स्वतः पाहायची, एवढेच आम्ही ठरवले. सकाळची टाळाटाळ कमी झाली आहे. शेजारच्या रिक्त पदाचे काम मात्र अजूनही त्यांच्याच गळ्यात आहे. त्यावर समुपदेशन हा उपाय नव्हे, म्हणून त्यासाठी वरिष्ठांना लेखी विनंती द्यायला मी सुचवले आणि तिचा मसुदा ते पुढच्या भेटीत आणणार आहेत.