दुकानात लिब्रेऑफिस टाकायचंय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: लालबागला मसाल्याचं दुकान आहे, पाच कॉम्प्युटर. लिब्रेऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखं सॉफ्टवेअर फुकट म्हणतात, पण धंद्यासाठी वापरलं तर पुढे पैसे मागतील का?

नाही मागणार. घरी वापरा नाहीतर गल्ल्यावर, लायसन्स तेच, मशीन पाच असोत की पन्नास. 2010 साली ते ओपनऑफिस या तशाच फुकट सॉफ्टवेअरमधून वेगळं झालं आणि द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते बघते. फक्त डाउनलोड त्यांच्याच साइटवरून करा, कुणी पेनड्राइव्हवर आणून दिलं तर घेऊ नका.

प्रश्न: सीएंकडून येणाऱ्या एक्सेल शीट्स चालतील ना?

साध्या शीट्स चालतात, पिव्होट टेबलसुद्धा. अडतं ते मॅक्रोवाल्या फायलींना, म्हणजे ज्यात कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम असतात. एक्सेलचे मॅक्रो कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसचं एक्सेल) काही चालतात काही नाही, आणि जीएसटीआर-9 चं, म्हणजे जीएसटीच्या वार्षिक रिटर्नचं ऑफलाइन टूल किंवा इन्कम टॅक्सची एक्सेल युटिलिटी यात नेमके मॅक्रोच असतात. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की एका मशीनवर लायसन्सवालं एक्सेल राहू द्या, रिटर्नचं काम तिथेच करा, आणि बाकी चार मशीन बिनधास्त बदला. सगळं एका दिवसात बदलायला जाऊ नका, विशेषतः मार्चमध्ये तर नकोच. आधी ज्याचं काम फक्त पत्रं आणि कोटेशनचं आहे त्याच्यापासून सुरुवात करा.

प्रश्न: गिरगावात क्लास चालवते. मराठी नोटिस टाइप केली की इंग्रजी एका फॉन्टमध्ये आणि मराठी भलत्याच फॉन्टमध्ये येतं.

ताई, हे खूप जणांना छळतं आणि मग लोक वैतागून सॉफ्टवेअरच काढून टाकतात, म्हणून नीट सांगते. लिब्रेऑफिस देवनागरीचा फॉन्ट आणि साइज इंग्रजीपासून वेगळी धरतं. टूल्स, ऑप्शन्समध्ये जाऊन भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करा, तिथे मराठी निवडा, मग रायटरच्या (लिब्रेऑफिसचं वर्ड) सेटिंगमध्ये 'बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)' दिसेल, त्यात तुमचा युनिकोड फॉन्ट आणि साइज ठेवा. पुढच्या नव्या फायलींना तेच लागेल. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या जुन्या नॉन-युनिकोड फायली मात्र तो फॉन्ट मशीनवर असेल तरच वाचता येतील, ऑफिस कुठलंही असो, त्या हळूहळू युनिकोडमध्ये आणाच.

प्रश्न: गिऱ्हाइकाला पाठवलेलं कोटेशन त्याच्याकडे हललेलं दिसतं.

पीडीएफ करून पाठवा, एक्सपोर्टचं बटण वर टूलबारवरच आहे. त्याला फाइलमध्ये बदल करायचे असतील तरच वर्डच्या .docx फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. वर्डचा कॅलिब्री फॉन्ट तुमच्या मशीनवर नसेल तर त्याच्या जागी कार्लिटो येतो, अक्षरांची रुंदी तीच असल्यामुळे ओळी सहसा तुटत नाहीत. टेबलं आणि लेटरहेडचा लोगो मात्र नीट दिसतात ना, हे समोरच्याला एकदा त्याच्या वर्डमध्ये उघडून बघायला सांगा.