भिंत वरून कोरडी, आतून ओली

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आम्ही नॉर्थ कॅरोलिनात १९९४ साली बांधलेलं घर घेतलं. बाहेरून सिंथेटिक स्टको आहे. एका खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापाशी आणि गॅरेजचं छप्पर भिंतीला जिथे टेकतं तिथे तपकिरी ओघळ आलेत. रंगारी म्हणतो, भेगा बुजवून वरून रबरासारखा जाड रंग मारू. मारावा का?

उत्तर : नका मारू. निदान भिंतीच्या आत काय चाललंय ते कळेपर्यंत तरी नकोच.

बावीस वर्षं मी अमेरिकेत घरं तपासायचं काम केलं. त्यामुळे घराचं साल वाचूनच मला धास्ती वाटली. १९९५च्या सुमारास तुमच्याच राज्यात, विल्मिंग्टन भागात, अशा भिंती उघडल्या गेल्या आणि वरून इस्त्री केल्यासारख्या दिसणाऱ्या घरांमध्ये कुजलेलं लाकूड निघालं. पुढच्याच वर्षी राज्याने नियम केला, की नव्या घरांत या आवरणामागे पाणी निथळून जायला वाट ठेवायलाच हवी. तुमचं घर त्याआधीचं, म्हणजे ती वाट बहुधा नाहीच.

नाव स्टको असलं तरी हा सिमेंटचा गिलावा नव्हे. टिचकी मारा, पोकळ आवाज येईल. आत थर्माकोल, त्यावर फायबरग्लासच्या जाळीचा पातळ थर आणि सगळ्यात वर अ‍ॅक्रिलिकचा रंगीत हात. पद्धत मूळची जर्मनीतली, तिथे ती पक्क्या विटांच्या भिंतींवर चढवत. १९६९ मध्ये अमेरिकेत आली आणि पुढे घरांच्या लाकडी सांगाड्यावर, ओएसबीच्या, म्हणजे लाकडाच्या चिपा दाबून चिकटवलेल्या, तक्त्यांवर बसवली गेली. वीट ओल सोसते, ओएसबी सोसत नाही. सगळं दुखणं इथे आहे. सपाट भिंतीतून पाणी सहसा जात नाही. ते खिडकीच्या कोपऱ्यांतून, डेक, म्हणजे बाहेरचा लाकडी ओटा, जिथे भिंतीला ठोकलाय तिथून, छपराच्या कडेपासून शिरतं आणि मग अडकून बसतं. अशा वेळी सपाट भिंतीला रंग देणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. वर तो जाड रंग आतली वाफही कोंडून ठेवणार.

खिडकीपेक्षा मला गॅरेजजवळच्या ओघळाची काळजी जास्त वाटते. शिडी नको, खालूनच बघा. छपराची उतरती कड भिंतीला लागून जिथे संपते आणि पन्हळ सुरू होते, तिथे बाहेर वळलेला पत्र्याचा छोटा कान दिसतो का? त्याला किकआउट फ्लॅशिंग म्हणतात. तो नसला तर उताराचं पाणी पन्हळीत पडायच्या ऐवजी भिंतीच्या पोटात जातं. एका घरी बरोबर त्या जागी मी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. कापून काढलं तेव्हा ओएसबी भिजवलेल्या पोह्यांसारखं हातात आलं. बाहेर भिंतीला एक भेग नव्हती. घरमालकीण बराच वेळ काही बोललीच नाही.

तेव्हा आधी तपासणी. अशा घरांची सवय असलेला आणि दुरुस्तीचं कंत्राट स्वतः न घेणारा माणूस बघा. तो बारीक भोकं पाडून यंत्राच्या दोन लांब सुया लाकडापर्यंत घालेल. ओलावा १५ टक्क्यांच्या आत असला तर ठीक. २०च्या वर गेला तर पाणी कुठून येतंय ते शोधायचं. ३०च्या आसपास असेल आणि लाकूड मऊ लागत असेल तर भिंत उघडायची. भोकं नंतर नीट बंद करून घ्या, नाहीतर तपासणीच नवी गळती व्हायची.

भिंत उघडलीच तर कुजकं लाकूड सगळं काढायचं, नुसतं दिसतं तेवढं नव्हे. नवा तक्ता लावला की त्यावर पाणी अडवणारा पडदा, आणि तो कौलांसारखा, वरचा तुकडा खालच्यावर. खिडकीखाली पाणी बाहेर सोडणारं तबक. छपराच्या कडेला तो कान. मगच थर्माकोल. त्याची कापलेली कड जाळीत गुंडाळून घ्या, आणि नवी जाळी जुन्या जाळीच्या थरावर किमान अडीच इंच चढू द्या. शेवटचा हात ठिगळापुरता न देता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत द्या. जुना रंग उन्हाने उतरलेला असतो, ठिगळ लांबून ओळखू येतं.

सीलंटबद्दल, म्हणजे खिडकीभोवतीचे सांधे बुजवणाऱ्या लवचीक लुकणाबद्दल, एक गोष्ट कंत्राटदारालाही सांगा, कारण ती मी फार वेळा चुकलेली पाहिली. जुनं सीलंट खरवडून काढल्यावर नवं रंगीत थरावर चिकटवायचं नाही. तो थर ओलाव्याने मऊ पडतो आणि सीलंटबरोबर सोलून निघतो. खालच्या जाळीच्या कठीण थरावर ते बसलं पाहिजे. सांध्यात आधी फोमची दोरी ठोसायची, म्हणजे सीलंट दोन्ही बाजूंनाच धरतं आणि सांधा हलला तरी ताणलं जातं. दोरीचा खर्च किरकोळ, तरी ती हटकून गाळली जाते!

प्रश्न : भिंतीलगत फुलझाडांसाठी माती चढवली आहे, स्टको त्यात थोडा बुडाला आहे. चालेल?

उत्तर : अजिबात नाही. माती आणि स्टको यांत आठ इंच तरी मोकळे हवेत. बुडालेल्या थर्माकोलमधून वाळवी कुणाला न दिसता थेट लाकडापर्यंत चढते. झाडांना पाणी देणाऱ्या फवाऱ्यांचं तोंडही भिंतीपासून दुसरीकडे फिरवा. माती उपसताना भिंतीला चिकटलेल्या मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर त्या खरवडू नका. फोटो काढा आणि आधी वाळवीवाल्याला बोलवा.