कागदावरचा सीओपी 10, मग घोडं अडतंय कुठे?

प्रश्न: निकेल-टायटॅनियमच्या वायरवर इलास्टोकॅलोरिक कूलिंगचं (धातू ओढून-सोडून गारवा मिळवण्याचं) मॉडेल करतोय. लॅबमध्ये वायर हळूहळू ओढून जो स्ट्रेस-स्ट्रेन ग्राफ (किती ताणाला वायर किती लांबते तो) मिळाला तोच घातला, सीओपी (घातलेल्या कामाच्या किती पट गारवा मिळतो तो आकडा) 10 च्या आसपास येतोय. गाइड म्हणतात शक्यच नाही. चूक कुठे आहे?

उत्तर: चूक त्या "हळूहळू" मध्येच आहे बघा.

आधी एक रबरबँड घ्या, पटकन ताणून ओठाला लावा, कोमट लागेल. तसाच ताणून थोडा वेळ धरा आणि मग सोडून परत ओठाला लावा, गार लागेल. जॉन गॉफने 1805 मध्ये हेच लिहून ठेवलंय. धातूत कारण वेगळं आहे, तिथे ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट (एकाच धातूच्या दोन स्फटिकरचना) होताना उष्णता बाहेर पडते आणि ताण सोडला की ती परत आत ओढली जाते, पण मुद्दा तोच, पटकन केलं तरच तापमान हलतं. हळू ओढलं की उष्णता हवेत निघून जाते, वायर तापतच नाही आणि तुमचा ग्राफ हा असा न तापलेल्या वायरचा आहे.

आता आकडे घालून बघू, ढोबळच. ग्राफच्या वरच्या (ओढतानाच्या) आणि खालच्या (सोडतानाच्या) प्लॅटोमध्ये, म्हणजे सपाट भागांमध्ये, 200 मेगापास्कलचं अंतर, स्ट्रेन 4 टक्के, म्हणजे लूपचं क्षेत्रफळ, एका फेरीत वाया जाणारं काम, ग्रॅममागे सव्वा ज्यूल. लेटंट हीट (रचना बदलताना सुटणारी उष्णता) ग्रॅममागे 12 ज्यूल धरली तर भागाकार 10 च्या जवळ, तुमचा आकडा इथूनच आला असणार. पण मशीनमध्ये वायर झटकन ओढली जाते, साधारण 20 डिग्री तापते आणि या धातूत दर डिग्रीला प्लॅटो 6-7 मेगापास्कल वर सरकतो, म्हणजे ओढून संपेपर्यंत 130 ची चढण. सरासरी 65 वर, सोडताना वायर गार होते म्हणून 65 खाली, अंतर झालं 330 आणि सीओपी आला 6 वर. हेसुद्धा सोडतानाची ऊर्जा पूर्ण परत मिळाली तर हं! ती वाया गेली तर ओढायला लागलेलं सगळं काम हिशेबात येतं, वरचा प्लॅटो 500 च्या आसपास आणि त्यावर ते 65 धरले तर साडेतीनच्या खाली. म्हणून तर वायरची दोन बंडल समोरासमोर लावतात, एक सैल होताना दुसरं ओढायला मदत करतं.

तेव्हा ग्राफ फिक्स ठेवू नका, ट्रान्सफॉर्मेशन स्ट्रेस तापमानावर अवलंबून ठेवा आणि एनर्जी इक्वेशनमध्ये लेटंट हीट, हिस्टेरेसिसची (लूपमध्ये वाया गेलेल्या कामाची) उष्णता, वायरभोवती फिरणाऱ्या पाण्याला जाणारी उष्णता या तीन टर्म वेगवेगळ्या लिहा. हिस्टेरेसिसवाली लोक हमखास विसरतात, मग मॉडेलमध्ये वायर जेवढी तापते तेवढीच गार होते, प्रत्यक्षात गार कमी होते. सायकल बदलताना गरम बाजूचं जे पाणी आतच राहतं आणि पुढच्या फेरीत गारवा खातं तेही धरा.

आणि डेटा कोऱ्या वायरचा घेतला नाही ना? नव्या वायरचा लूप पहिल्या काही फेऱ्यांत सरकत जातो. शंभरेक वेळा ओढून-सोडून तो स्थिर झाला की मगच मोजा.