नवीन .३२ पिस्तुलासाठी कोणती काडतुसं घ्यावीत?

परवाना नुकताच मिळालाय, .३२ चं पिस्तूल घेतलंय, तर स्वसंरक्षणासाठी सगळ्यात 'पॉवरफुल' गोळी कोणती, असं तुम्ही विचारलंय. मी सांगलीत हळदीच्या अडतीत आहे, रोकड घेऊन फिरायचो तेव्हापासून .३२ बाळगतोय. पॉवरचं खूळ आधी डोक्यातून काढा. यूट्यूबवर ज्या ९ एमएमची वर्णनं ऐकता, ते आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे, म्हणजे साध्या परवान्यावर मिळत नाही. आपल्याला हवी ती न अडकता सुटणारी गोळी.

दुकानात नुसतं "बत्तीसची द्या" म्हणू नका. पिस्तुलाचं .३२ वेगळं, रिव्हॉल्व्हरचं वेगळं. माझ्या पहिल्या खरेदीत दुकानदारानं घाईत रिव्हॉल्व्हरची पेटी बांधून दिली. घरी मॅगझिन, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणारा काडतुसांचा खण, भरायला बसलो तर एकही बसेना. ते काडतूस लांब, बुडाला रुंद कड असलेलं. आपलं जेमतेम २५ मिलिमीटरचं, कड अगदी बारीक. पेटी तिथंच उघडून बघा आणि परवान्यावर लिहिलेल्या संख्येतच घ्या.

प्रकार म्हणाल, तर धातूचं पूर्ण आवरण असलेली, गोल नाकाची, ७१ ग्रेनची (साधारण साडेचार ग्रॅमची) साधी गोळी. खडकीच्या कारखान्याची, बुडावर 'केएफ' शिक्का असलेली मी वापरतो. पोकळ टोकाच्या गोळीचा हट्ट नको. .३२ मध्ये ती बहुधा आखूड असते, मॅगझिनमध्ये पुढं-मागं सरकते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागं गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) कितीही ओढा, काडतूस पुढं जात नाही. शिवाय या बोअरला मुळात जोर कमी, त्यात पोकळ टोक लागल्यावर पसरलं की गोळी आत फार जात नाही.

घेतलेल्यातली थोडी परवानगी असलेल्या रेंजवर झाडून बघा. अडकलं तर आधी दुसरं मॅगझिन लावून बघा, बऱ्याचदा दोष तिथंच निघतो. रिकाम्या पुंगळ्या फेकू नका, पुढच्या वेळी हिशेब विचारतात.

आणि काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवू नका, पितळेवर हिरवा कळंक चढतो. २०१९ च्या पुरात माझ्या कपाटाचा खालचा कप्पा बुडाला. उन्हात वाळवल्यावर काडतुसं लखलखीत दिसत होती, शेजारचे म्हणाले, "काय झालंय त्यांना?" पण बुडातल्या टोपीत (ठोका बसल्यावर पेटते ती) पाणी शिरलंय का, ते बाहेरून कळत नाही. पोलीस ठाण्यात कळवून सगळी जमा केली. तेव्हापासून डबा माळ्यावर, कुलपात.