'छडी लागे' कुठल्या पानावर?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्या पाचवीतल्या मुलाने अत्र्यांचा 'श्यामची आई' पाहिला आणि लगेच पुस्तक मागितलं. आता 'छडी लागे छम छम' कुठल्या पानावर आहे ते शोधतोय. गाणं सापडेना म्हणून हिरमुसलाय. आधी पुस्तकच द्यायला हवं होतं का?
— एक आई, दापोली

उत्तर : अहो, मुळीच वाईट वाटून घेऊ नका. ते गाणं अत्र्यांनी चित्रपटासाठी लिहिलं, चाल वसंत देसाईंची. 'भरजरी गं पीतांबर'सुद्धा तसंच.

साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशा 42 रात्री. चित्रपटाला इतकं थांबत-थांबत जाता येत नाही. काही प्रसंग गाळावे लागतात, उरलेले सांधावे लागतात. अत्र्यांनी ते जीव ओतून केलं. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याच चित्रपटाला मिळालं.

तरी 'अळणी भाजी' वाचून बघा. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील भाजीची तारीफ करत जेवतात, मुलंही काही बोलत नाहीत. शेवटी आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. घडतं एवढंच. पण सांगणाऱ्या श्यामची आई आता या जगात नाही, आणि ती हळहळ ओळीओळीत आहे. पडद्यावरच्या पोराला ती अजून ठाऊकच नसते. सुजय डहाके यांनी 2023च्या चित्रपटात मोठेपणीचे गुरुजीही आणले, ते मला म्हणूनच पटलं.

आमच्या वाचनालयात मी मुलांना 'श्यामचे पोहणे' वाचून दाखवते. बंदरावरची ही मुलं, पोहायला घाबरणारा श्याम त्यांना नवलाचाच वाटतो. पण माळ्यावर लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते तिथे सगळी चिडीचूप होतात. पुढे त्याच आईने त्याच्यासाठी कोनाड्यात दही ठेवलेलं असतं. तिथवर आलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "बाई, परत वाचा ना."

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा, आणि मोठ्याने वाचा. त्यानंतर 'लाडघरचे तामस्तीर्थ' घ्या. लाडघर तुम्हाला जवळच आहे. रविवारी त्याला किनाऱ्यावर न्या, पुस्तक पिशवीत असू द्या. पालगडला गुरुजींचं घरही दाखवून आणा.