केळी, कापूस आणि रेणूंची धास्ती

"मॅडम, मला जीवशास्त्र मनापासून आवडतं, पण रेणूंच्या आकृत्या दिसल्या की काहीच सुचत नाही. मी विषय बदलू का?" बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातील एका विद्यार्थिनीने गेल्या पावसाळ्यात मला हा प्रश्न विचारला. ती रावेरकडच्या केळी पिकवणाऱ्या कुटुंबातील असून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली होती (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). खानदेशातील अनेक मुले हीच चिंता घेऊन माझ्याकडे येतात.

मी तिला ग्लुकोजचा रेणू काढायला सांगितला. तिने वलय अचूक काढले, सहाही कार्बनना क्रमांक दिले. मात्र पहिल्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गट (OH, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) खाली असण्याने किंवा वर असण्याने काय बिघडते, असे विचारताच ती गप्प झाली. तिची बुद्धी कमी पडत नव्हती, तर अर्थाविना केलेले पाठांतर अपुरे पडत होते, आणि याचा दोष मी तिला देणार नाही, कारण आकृती फळ्यावरून उतरवून घेणे म्हणजेच रसायनशास्त्र, असे तिला वर्षानुवर्षे शिकवले गेले होते.

"घरी काय पिकतं?" "केळी. मामांकडे कापूस." मग आम्ही तिथूनच सुरुवात केली. कच्च्या केळ्यातील स्टार्च आणि कापसाच्या तंतूतील सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत. दोन ग्लुकोज जोडले जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, म्हणून ग्लुकोजचे रेणुभार १८० आणि १८० मिळून ३६० न होता, पाण्याचे १८ वजा होऊन, त्यातून बनणाऱ्या माल्टोज या शर्करेचा रेणुभार ३४२ भरतो. हा हिशेब तिने स्वतः केला, तेव्हा तिचा चेहरा प्रथमच सैलावला. जोडणीच्या वेळी तो पहिला हायड्रॉक्सिल गट खाली (अल्फा) असेल, तर साखळी वळत जाते आणि आपल्या लाळेतील अमायलेज हे विकर (एन्झाइम) ती तोडू शकते. तो वर (बीटा) असेल, तर साखळ्या सरळ राहून हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरतात आणि त्यातून सुताला बळ मिळते. हे बीटा बंध तोडणारे विकर माणसाच्या शरीरात तयार होत नाही. केळे पिकताना स्टार्चचे शर्करेत रूपांतर होते. कच्च्या गरात सुमारे २० टक्के असलेला स्टार्च पिकल्यावर एक-दोन टक्क्यांवर येतो.

पुढच्या भेटीपर्यंत तिने प्रयोगशाळेत कच्च्या आणि पिकलेल्या केळ्याच्या फोडींवर आयोडिनचे थेंब टाकून पाहिले होते. स्टार्चमुळे कच्ची फोड निळी-काळी झाली, पिकलेलीचा रंग फारसा बदलला नाही. आता प्रश्न तिचा होता: "मग म्हैस कडबा कसा पचवते?" म्हशीच्या पोटातील पहिल्या कप्प्यात राहणारे सूक्ष्मजीव सेल्युलोज तोडतात, हे मी सांगितले.

त्यानंतर मी फक्त ग्लायसिन या अमिनो आम्लाचे (प्रथिनांच्या घटकाचे) दोन रेणू कागदावर काढून दिले. तिने न सांगता पाणी वजा केले, ७५ अधिक ७५ मधून १८ काढून १३२ लिहिले आणि जोडणीखाली पेप्टाइड बंध असे नाव घातले. इंग्रजी संज्ञा वाचताना ती अजून अडखळते, म्हणून रोज पाच संज्ञा मराठी अर्थासह वहीत लिहिण्याचे आमचे ठरले आहे. विषय बदलण्याचा प्रश्न तिने पुन्हा काढलेला नाही.