वाचकांचे प्रश्न : बोकडाच्या पोटातील पाण्याच्या पिशव्या

प्रश्न : आमच्या गावात पोळ्याच्या पाडव्याला चार-पाच घरे मिळून बोकड कापतात आणि हिस्से पाडतात. यंदा जनावराच्या पोटात पाण्याने भरलेल्या पिशव्या निघाल्या. त्या आम्ही कुत्र्यांना टाकल्या. शेजारच्या एका बाईंच्या यकृतातून अशीच गाठ शस्त्रक्रिया करून काढलेली असल्याने घरात सगळे घाबरले आहेत. हा आजार मटण खाल्ल्याने होतो काय? आणि आपल्या भागात तो किती आहे, हे कसे मोजतात?
– एक शेतकरी, चिमूर तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : मटण किंवा कलेजी खाल्ल्याने हा हायडॅटिड गाठींचा आजार माणसाला होत नाही. माणसाला तो कुत्र्याच्या विष्ठेतील कृमींच्या अंड्यांमुळे होतो, आणि कुत्र्याला हे कृमी अशा गाठी खाल्ल्याने होतात. म्हणून आपल्या पत्रातले, पिशव्या कुत्र्यांना टाकल्याचे वाक्यच मला सर्वांत काळजीचे वाटले.

मात्र त्या पिशव्या कोणत्या होत्या, हे आधी ठरवायला हवे. आतड्यांवरील चरबीच्या जाळीला लोंबणारी, पातळ, पारदर्शक आणि आत एकच पांढरा ठिपका दिसणारी पिशवी ही कुत्र्यात राहणाऱ्या टेनिया हायडॅटिजेना या फीतकृमीची असते आणि ती माणसाला बाधत नाही. याउलट यकृताच्या किंवा फुप्फुसाच्या मांसात रुतलेली, जाड पांढुरक्या आवरणाची, हाताला टणक लागणारी आणि जिच्या पाण्यात बारीक रेतीसारखे कण असू शकतात अशी गाठ हायडॅटिडची, म्हणजे इकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस या कृमीची असते. आपण ‘पोटात’ एवढेच लिहिले असल्याने दोहोंपैकी कोणती, हे येथून सांगता येणार नाही. हा फरक न पाहता केलेली मोजणी पहिल्याच पायरीवर चुकते.

इकिनोकॉकसचा प्रौढ कृमी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर लांबीचा असल्याने कुत्र्याच्या विष्ठेत सहसा नजरेला पडत नाही आणि कुत्राही धडधाकट दिसतो. गाठ खाल्ल्यानंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी विष्ठेतून अंडी पडू लागतात. जागलीला वावरात नेलेला कुत्रा धुऱ्यावर विष्ठा टाकतो, तेथले गवत शेळी खाते, आणि जवळच लावलेला सांबार (कोथिंबीर) किंवा मुळा नीट न धुता आपण खातो. अंडी कुत्र्याच्या केसांनाही चिकटत असल्याने त्याच्याशी खेळून हात न धुता जेवणाऱ्या मुलांना धोका अधिक असतो. माणसाच्या शरीरात गाठ मग अनेक वर्षे, काहीही त्रास न देता वाढत राहते.

मोजणी अवघड होते ती यामुळेच. आज शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला लागण कदाचित दहा-पंधरा वर्षांपूर्वी, कदाचित माहेरच्या गावी झालेली असते. त्यामुळे रुग्णालयाच्या नोंदवहीवरून आज कोणत्या गावात फैलाव चालू आहे, हे कळत नाही. कत्तलखान्यातील तपासणी अधिक उपयोगी, पण तेथे जनावराचे वय लिहिले नसेल तर टक्केवारीला फारसा अर्थ उरत नाही, कारण वर्षभराच्या बोकडात गाठी क्वचित दिसतात आणि म्हाताऱ्या शेळीत त्या पुष्कळ सापडू शकतात. गावात हिस्से पाडून कापलेले जनावर तर कोणत्याच नोंदीत येत नाही. कुत्र्यांच्या विष्ठेतील अंडी सूक्ष्मदर्शकाखाली टेनिया जातीच्या इतर कृमींच्या अंड्यांसारखीच दिसतात, म्हणून पूर्वी सर्वेक्षणासाठी सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य देऊन कुत्र्यांना जुलाब करवीत. आता विष्ठेतील कृमींची प्रथिने किंवा डीएनए तपासतात. माणसांमध्ये गावात सोनोग्राफी यंत्र नेऊन केलेली पाहणी सर्वांत खात्रीची, कारण कसलाही त्रास नसलेल्या व्यक्तीच्या यकृतातील गाठही तिच्यात दिसते.

नुसत्या रक्ततपासणीवर विसंबता येत नाही, आणि याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे, आजार निराळा असला तरी. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात जनावरांच्या सर्रा रोगाचे ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हे परजीवी सापडले. त्यानंतर त्या गावातील १,८०६ जणांचे रक्त तपासले असता ४१० जणांत प्रतिपिंडांची, म्हणजे परजीवीविरुद्ध शरीराने तयार केलेल्या द्रव्यांची, चाचणी सकारात्मक आली, पण रक्तात परजीवी एकाच्याही आढळले नाहीत. शरीराचा परजीवीशी संबंध येणे वेगळे आणि आजार होणे वेगळे. हे दोन आकडे एकत्र केले तर गावात उगाच घबराट पसरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कोणत्याही वेळी दहा लाखांहून अधिक लोक इकिनोकॉकसच्या आजारांनी ग्रस्त असतात. परंतु आजाराचा भार रुग्णांच्या संख्येत पूर्ण मावत नाही. शस्त्रक्रियेनंतर बुडालेली मजुरी, फेकून द्यावी लागलेली कलेजी, जनावराचे घटलेले दूध, हेही त्यात धरावे लागते, आणि माझ्या मते लहान शेतकऱ्याच्या घरी हाच भाग सर्वांत जड असतो.

१८६३ साली हाराल्ड क्राबे या डॅनिश संशोधकांनी आइसलँडमध्ये शंभर कुत्री तपासली, तेव्हा २८ कुत्र्यांत हा कृमी निघाला. पुढच्याच वर्षी घरोघरी पुस्तिका वाटण्यात आली, जनावरांची गाठाळ इंद्रिये कुत्र्यांपासून दूर ठेवण्याचा आणि कुत्र्यांना कृमिनाशक देण्याचा आग्रह पुढे कायम राहिला, आणि कालांतराने तो देश या आजारातून मुक्त झाला.

आपण आता तीन गोष्टी कराव्यात. ज्या कुत्र्यांना पिशव्या टाकल्या, त्यांना पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेल द्यावे. हे औषध कृमी मारते पण अंडी मारत नाही, म्हणून पुढच्या काही दिवसांची विष्ठा खोल पुरावी. शेजारच्या बाईंच्या घरातील सर्वांनी पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. आणि पुढच्या वेळी अशी गाठ निघाल्यास ती फोडू नये. जनावराचे वय, ते कोठून आणले आणि गाठ कोणत्या इंद्रियात होती, एवढे लिहून ती बंद डब्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावी आणि नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे तपासणीला पाठविण्याची विनंती करावी. गाठ देणे शक्य नसेल, तर कुत्रे उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात ती पुरावी किंवा जाळून टाकावी.